उल्यानाचा तिसरा जोडीदार

कोलंबीची साल कशी काढायची ते ग्लेबने आनंदरावांकडे बघूनच शिकून घेतलं. पहिली कोलंबी त्याच्या हातात चुरगळली. मग तो थांबला, समोरच्या ताटातली म्हाताऱ्या माणसाची बोटं त्याने नीट पाहिली आणि त्याची बोटं अगदी तशीच चालायला लागली, त्याच लयीत, शेपटीपाशी तोच हलका झटका देऊन. चित्राला ते आवडलं आणि आवडलं म्हणून स्वतःचाच राग आला. ज्या माणसाला बाळकुमच्या या घरात पाण्याचा पेलाही पुढे करायचा नाही असं तिने मनाशी पक्कं केलं होतं, त्याच्या ताटात ती स्वतःच्या हाताने कोलंबीचं खडखडलं वाढत होती.

"भात घ्यायला सांग त्याला," ती मुलाला, सुश्रुतला म्हणाली.

सुश्रुतने रशियनमध्ये सांगितलं. ग्लेबने छातीवर हात ठेवून मान लववली. माणूस देखणा होता, यात वाद नव्हता. खुर्चीत बसला होता तरी उभा असल्यासारखा वाटत होता, पाठ कुठे टेकलेलीच नव्हती. आणि त्याच्या शेजारी बसलेली उल्याना, चित्राची सून, तीही आज तशीच बसली होती. एरवी ती पाय वर घेऊन, मांडीत ताट घेऊन जेवायची.

"याला लाज नाही वाटत का गं?" अंतरा आईच्या कानाशी कुजबुजली. ती सकाळीच डोंबिवलीहून आली होती, खास ग्लेबला बघायला, आणि आल्यापासून तिने त्याच्याकडे हसून पाहिलं नव्हतं. "हिला टाकून गेला, आणि आता हिच्या सासरी कोलंबी खातोय."

"हळू बोल."

"त्याला कुठे मराठी कळतंय?"

"तिला कळतं," चित्रा म्हणाली.

उल्यानाला मराठी कळत होतं, येतही होतं. तीन वर्षांत तिने ते चित्राकडूनच उचललं होतं, बिरड्याचे वाल सोलता सोलता. त्याच बैठकांमध्ये चित्राने तिचं आयुष्य ऐकलं होतं. सुश्रुत डॉक्टर व्हायला कझानला गेलेला. तिथल्या हॉस्पिटलात, गुडघा निकामी होऊन पडलेली ही मुलगी त्याला भेटली. आइस डान्सर आहे म्हणाली. म्हणजे काय ते चित्राला कळेना. तेव्हा उल्यानाने समजावलं होतं की बर्फावर एका मुलाने आणि एका मुलीने मिळून नाचायचं. मुलीला हवेत भिरकवायचं नाही, मोठाल्या उड्या नाहीत, डोक्याच्या वर उचलून धरायचं नाही.

"मग अवघड काय त्यात?" चित्राने विचारलं होतं.

"लांब जायचं नाही, आई," उल्याना म्हणाली होती. "दोघांच्या पायात सुऱ्या. आणि लांब जायचं नाही."

तिचा पहिला जोडीदार रोमा. दोघं इतकी लहान की बर्फावर हात धरायची दोघांना लाज वाटायची. रोमाच्या वडिलांची बदली झाली आणि तो गेला. दुसरा मॅक्सिम. तो एका उन्हाळ्यात ताडमाड वाढला, त्याचा हात तिच्या कमरेशी येईना, म्हणून प्रशिक्षकांनी जोडी मोडली. उल्याना तेव्हा इतकी रडली होती की तिच्या आजीने तिला उंच करायला दूध पाजायचा सपाटा लावला. मग ग्लेब. चौदाव्या वर्षापासून एकविसाव्या वर्षापर्यंत. सकाळ त्याच्याबरोबर, संध्याकाळ त्याच्याबरोबर, ताप आला तरी त्याच्याबरोबर. ज्युनियरमध्ये दोघांनी पदक मिळवलं. मोठ्यांच्या गटात त्यांचं नाव घेतलं जाऊ लागलं. आणि एका सकाळी ती सरावाला पोचली तेव्हा तिच्याच नाचाचं संगीत लागलं होतं आणि ग्लेबच्या हातात दुसरी मुलगी होती. तिला कोणी काही सांगितलं नाही. ती कठड्याशी उभी राहून अख्खा नाच बघत राहिली, कारण तिला निघून जायचं सुचलं नाही.

त्यानंतर चौथा, अर्तेम. भला माणूस, पण त्याचा तोल गेला आणि तिला घेऊनच तो पडला. गुडघा तेव्हाच गेला.

हे सगळं उल्यानाने न रडता सांगितलं होतं. रडली होती ती चित्रा. आणि आता तो ग्लेब समोर बसून ताक पीत होता.

जेवणं झाल्यावर तो ज्यासाठी आला होता ते बोलला. सुश्रुत एकेक वाक्य मराठीत करत गेला. ग्लेब आता जॉर्जियाकडून खेळतो, तिब्लिसीत राहतो. त्याच्या आताच्या जोडीदारणीने स्केटिंग सोडलं. त्याच्याकडे थोडीच वर्षं उरली आहेत. नवी, कोवळी मुलगी घेऊन तिला घडवण्याइतका वेळ नाही. त्याला उल्याना हवी आहे. रशियाच्या संघटनेने तिला मोकळं केलं की ती त्याच्याबरोबर उतरू शकते. तीन वर्षं, जमल्यास चार. पुढच्या आठवड्यात तो परत जातोय, त्याआधी उत्तर हवं.

सुश्रुतने शेवटचं वाक्य उच्चारलं आणि तो दुभाष्या असल्यासारखाच गप्प बसला.

"तीन वर्षं!" चित्रा म्हणाली. "म्हणजे ही तिकडे राहणार?"

"हो, आई."

"आणि तू?"

"मी इथे. माझी ओपीडी आहे, पेशंट आहेत. येऊन जाऊन करू." तो हसला. "तिला पाहिजे तर जाऊ दे की. मी कोण अडवणारा?"

तो फार सहज म्हणाला. चित्राला वाटलं, याला कळतंय का आपण काय बोलतोय ते?

"मला नाही पटत," अंतराने सरळ सांगितलं. "ज्याने एकदा सोडलं तो परत सोडेल. बाबा, तुम्ही बोला ना काहीतरी."

आनंदराव चाळीस वर्षं यंत्रांत रमलेले गृहस्थ. माणसांविषयी मत द्यायचं ते होता होईल तो टाळत. "मला यातलं काय कळतं?" ते म्हणाले. "मी तिला बर्फावर कधी पाहिलेलंच नाही."

आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की कोणीच पाहिलं नव्हतं. सुश्रुतनेही नाही. तो भेटला तेव्हा तिच्या पायाला पट्टा होता. त्याने पाहिले होते ते मोबाइलवरचे जुने, धूसर व्हिडिओ. या घराने पाहिली होती ती सोसायटीच्या पोडियमवर मुलांना चाकांचे स्केट्स शिकवणारी उल्याना, जिला शेजारणी उल्का म्हणत.

"मग बघूया की," अंतरा म्हणाली. तिच्या आवाजात धार होती. "शीळफाट्याच्या पुढे तो नवा मॉल झालाय ना, तिथे बर्फाचं रिंक आहे. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील तिथे मॅनेजर आहेत. विचारते, तासभर रिकामं मिळतंय का. जमतंय का ते तरी कळेल. नाही जमलं तर विषयच संपला."

ती फोन घेऊन गॅलरीत गेली. चित्रा उठून स्वयंपाकघरात आली, तर उल्याना ओट्यापाशी उभी, नळ चालू, हात पाण्याखाली नुसतेच धरलेले.

चित्राने नळ बंद केला. "तू इथे सुखी नाहीस का गं?"

"सुखी आहे, आई."

"मग?"

उल्यानाने शब्द शोधले. घाई असली की ती मराठीत अडखळायची, पण आता ती सावकाश, एकेक शब्द तपासून बोलली. "बर्फावर पाय टाकला की तो जात राहतो. इथे टाकला की थांबतो. रोज थांबतो. मला सवय नाही झाली."

चित्राने सुनेच्या ओल्या हातांवर टॉवेल ठेवला. मनातून मात्र ती म्हणत होती, अंतराचं खरं होवो. न जमो हिला.

*

रिंक छोटंच होतं. वर रंगीबेरंगी दिवे, भिंतीवर पेंग्विनची चित्रं, आणि कठड्याबाहेर भाड्याचे निळे स्केट्स घालून ताटकळलेली मुलं. मॅनेजरने धडधडणारी गाणी बंद केली. ग्लेब आत उतरला, वाकला, नखाने बर्फ खरवडला आणि नाक मुरडलं. उल्याना कठड्याशी बसून बुटाच्या नाड्या आवळत होती. स्वतःचे पांढरे बूट तिने घरून आणले होते. नाडी ओढताना तिचा जबडा आवळला जात होता. चित्राने तिचा हा चेहरा पूर्वी पाहिला नव्हता.

सुरुवात काही खास नव्हती. दोघं हातात हात घालून नुसती गोल फिरली. ग्लेब काहीतरी पुटपुटत होता, ती मान हलवत होती. एकदा तिचा गुडघा किंचित दुमडला आणि तिने त्याचा दंड घट्ट पकडला.

"बघ," अंतरा म्हणाली. पण ते म्हणताना तिला आनंद झालेला दिसला नाही.

मग ग्लेबने हात सोडला, मागे सरकला आणि थांबला. तीही थांबली. संगीत नव्हतं. दोघं एकमेकांकडे बघत होती आणि चित्राला कळलं की त्या दोघांना मात्र काहीतरी ऐकू येतंय. ग्लेबने श्वास घेतला. तिने त्याच क्षणी घेतला.

आणि दोघं निघाली.

पुढे चित्राला कोणी विचारलं की काय पाहिलंस, तर तिला धड सांगता यायचं नाही. ती म्हणायची, वेग. पण निव्वळ वेग नव्हता तो. पाय ढकलताना दिसतच नव्हते. ढोपरं वाकायची, सरळ व्हायची आणि दोन अंगं बर्फावरून अशी वाहत जायची, जणू कोणी खालून रिंकच उचलून तिरपं केलंय. वळणावर दोघं इतकी कलंडली की तिच्या हाताची बोटं बर्फाला लागतात की काय असं वाटलं, आणि तरी पडली नाहीत, उलट त्या कलण्यातूनच त्यांना आणखी वेग मिळाला. तिचं पाऊल त्याच्या पावलांच्या मधून गेलं, त्याचं तिच्या मधून. ती लखलखती पाती एकमेकांना चाटून जात होती. चित्राने कठड्यावरचा आनंदरावांचा हात धरला.

"ऐक," आनंदराव म्हणाले.

"काय?"

"आवाजच नाहीये."

खरंच नव्हता. मघाशी मॅनेजर बर्फावरून एक फेरी मारून गेला तेव्हा केवढा खरखराट झाला होता. आता एक बारीक, लांबलेला, रेशीम फाडल्यासारखा सूर होता, आणि त्यावर दोन माणसांचा एकच श्वास.

मग ती दोघं विलग झाली. एका पायावर उभी राहून, गिरक्या घेत, शेजारी शेजारी रिंकच्या या टोकापासून त्या टोकाला गेली. मध्ये हातभर अंतर. एकमेकांकडे बघायला सवड नव्हती, तरी तो जिथे वळला तिथे ती वळली. नऊ वर्षं ही माणसं एकमेकांशी धड बोलली नव्हती. चित्रा पुटपुटली, "हे राहतं कुठे? इतकी वर्षं हे कुठे ठेवलं होतं हिने? आमच्या दोन बेडरूमच्या घरात?"

शेवटी उल्याना सरळ चित्राच्या दिशेने आली. उलटी, पाठमोरी, त्याच्यासमोर, मान न वळवता. कठडा जवळ येत होता. चित्राच्या तोंडून "अगं!" निघालं. हात लावता येईल एवढ्या अंतरावर उल्याना वळली, आणि बर्फाचा गार वारा चित्राच्या तोंडावर आपटला. त्या क्षणात तिने सुनेचा चेहरा पाहिला. त्यावर ना आनंद होता, ना कष्ट. देवळात मूर्तीसमोर डोळे उघडल्यावर काही माणसांचा चेहरा होतो तसा तो होता. चित्राला ओळख पटेना, आणि हात जोडावेत असं वाटलं.

थांबली तेव्हा दोघंही धापा टाकत होती. कठड्याबाहेरची मुलं, जी इतका वेळ 'आम्हाला कधी सोडणार' म्हणून कटकट करत होती, गुपचूप उभी होती. अंतराचे डोळे भरून आले होते. तिने ते पुसलेही नाहीत.

"मी मूर्ख आहे," ती म्हणाली. "मी म्हटलं, जमतंय का बघू. काय बोलले मी!"

चित्राने सुश्रुतकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता.

दोघं कठड्याशी आली. ग्लेब टॉवेलने तोंड पुसत सुश्रुतशी बोलू लागला. बराच बोलला. बोलता बोलता त्याने उल्यानाच्या गुडघ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग मान हलवली.

"काय म्हणतोय?" आनंदरावांनी विचारलं.

"म्हणतो," सुश्रुत घसा साफ करत म्हणाला, "गुडघा जड आहे. पूर्वीचा वेग राहिलेला नाही."

"आणि?"

"एवढंच."

उल्याना नवऱ्याकडे बघत राहिली. ती रागावली नव्हती. तिने त्याच्या बाहीला हात लावला.

"पुढचं सांग, सुश्रुत."

"उल्याना, घरी गेल्यावर..."

"नीट सांग रे सगळं," चित्रा म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. दुपारपासून ज्या गोष्टीसाठी ती मनात प्रार्थना करत होती, ती मुलाच्या हातून होत होती, आणि तिला ती सहन होत नव्हती. "जे बोललाय ते सांग."

सुश्रुतने कठड्याची कड दोन्ही हातांनी धरली. खाली बघत म्हणाला, "गुडघा जड आहे. वेग कमी झालाय, ते सरावाने येईल. पण..." तो थांबला. "म्हणतो, पूर्वी ही माझ्यामागून यायची. आज मी हिच्यामागून जात होतो. मला कळतही नव्हतं पुढे काय आहे, आणि मला भीती वाटली नाही. असं मला आजवर कोणाबरोबर झालेलं नाही."

लांबून मॉलमधली कसलीशी घोषणा ऐकू येत होती.

"दुपारी तू म्हणालास, जाऊ दे," अंतरा हळूच म्हणाली.

"तेव्हा मी पाहिलं नव्हतं ना!" सुश्रुत भडकला. "मला वाटलेलं, एक हौस आहे, पुरी करून येईल. हे... हे बघितल्यावर ही परत बाळकुमला येईल? कशाला येईल? तुम्हीच सांगा, काय आहे तिथे याच्यासारखं?"

मग तो ग्लेबकडे वळला आणि त्याने रशियनमध्ये काहीतरी विचारलं, एकच वाक्य, तोडून. ग्लेबने विचार केला. लांबवर पाहिलं. आणि तितक्याच थोडक्यात उत्तर दिलं.

या वेळी भाषांतर करायला उल्याना होती. "सुश्रुत विचारतो, उद्या माझ्यापेक्षा चांगली मिळाली तर मला परत सोडणार का? आणि ग्लेब म्हणतो, हो. म्हणतो, हिला माझ्यापेक्षा चांगला मिळाला तर हिनेही मला सोडावं."

"काय माणूस आहे!" आनंदरावांच्या तोंडून गेलं.

उल्याना हसली. मोकळं, मोठ्याने हसली. "बाबा, तो खरं बोलला. तेव्हाही त्याने खोटं नाही सांगितलं, तेव्हा काही सांगितलंच नाही." मग ती सुश्रुतकडे वळली आणि तिचं हसू ओसरलं. "त्या दिवशी मी रिंकवरून निघाले ना, मला जायला जागा नव्हती. वसतिगृहातली खोलीसुद्धा जोडी होती म्हणूनच मिळालेली. मी स्टेशनवर बसले. या वेळी त्याने सोडलं तर मी घरी येईन. नाही सोडलं तरी घरी येईन. मला हे दोन्ही करायचं आहे. मला परवानगी नको आहे. पण तू माझ्याकडे असा बघत असशील तर मला तिकडे नाचता येणार नाही."

चित्राने सुश्रुतच्या पाठीवर हात ठेवला.

"मला पण नकोय रे ती जायला," ती म्हणाली. "तुझ्यापेक्षा जास्त नकोय. सकाळी तिच्याशिवाय चहा घ्यायची सवय मोडलीय माझी. पण आत्ता जे बघितलं ना, त्याला मी नाही अडवणार. मला ते पापच वाटेल."

"आई, मला भीती वाटते."

"वाटणारच. मलासुद्धा वाटतेय."

सुश्रुत एकदम वाकून बूट काढायला लागला.

"काय करतोयस?" अंतराने विचारलं.

"माझ्या मापाचे भाड्याचे मिळतात का बघ. मला आत जायचंय."

मुलांना आत सोडलं होतं, गाणी पुन्हा सुरू झाली होती. डॉक्टर सुश्रुत टिपणीस निळे स्केट्स घालून बर्फावर उभा राहिला आणि तत्क्षणी त्याचे पाय दोन दिशांना पळाले. उल्यानाने त्याचे दोन्ही हात धरले. ती उलटी चालायला लागली, मागे न बघता, किंचाळणाऱ्या पोरांच्या गर्दीतून वाट काढत, आणि तो तिच्यासमोर वाकलेला, लटपटणारा, डोळे तिच्या पायांवर खिळवलेला.

ग्लेब चित्राच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याने काहीतरी म्हटलं. तिला ते समजलं नाही आणि समजावून सांगायला जवळ कोणी नव्हतं. पण तो ज्या नजरेने बघत होता ती तिला कळली, कारण तीही तशीच बघत होती.

"सोडू नकोस!" सुश्रुत ओरडत होता. "उल्याना, सोडू नकोस हां!"

"खाली नको बघू," ती म्हणत होती. "माझ्याकडे बघ."

त्याने मान वर केली. आणि पुढच्या वळणावर, कसं ते त्यालाही कळलं नाही, त्याचं पाऊल पडलं आणि थांबलं नाही.